पत्ता सांगण्याआधी

आमच्याकडं पत्ता विचारला की लोक नुसता सांगत नाहीत, दारापर्यंत सोडायला येतात. वर दारातनंच हाळी देतात, "आवं, तुमच्याकडं पावणं आल्यात." आत कोण अंघोळीला बसलंय, कोण कुणाशी भांडतंय, याच्याशी त्यांना घेणं नसतं. अशा आमच्या इस्लामपुरात एक माणूस होता, जो पत्ता सांगायच्या आधी, ज्याचा पत्ता आहे त्याच्याकडं सायकलवर जायचा आणि विचारायचा, "तुमच्याकडं माणसं धाडू का?"

यशवंत वाघमारे. सगळे त्यांना नाना म्हणायचे. मिलिटरीत सिग्नलच्या तारा ओढण्यात त्यांची उमर गेली. पेन्शनीत आले आणि इथंही तारा ओढायला लागले, फक्त आता केबल टीव्हीच्या. लिंबावरनं आंब्यावर, आंब्यावरनं कुणाच्या तरी गच्चीवर. ही नव्वदनंतरची चारपाच वर्षं सांगतोय. पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांची एक खोली होती. पत्र्यावर डिशची छत्री, आत एक टेबल, दोन व्हीसीआर आणि तीन पायांवर उभा केलेला कॅमेरा. खाली गिरणी चालू झाली की खोली थरथरायची, आणि खोलीबरोबर सगळ्या गावाच्या टीव्हीतलं चित्र. पीठ वर यायचं ते वेगळंच. चार वाजताच्या उन्हात ते पीठ कॅमेऱ्यापुढं तरंगायचं, आणि त्याच्या मागं नाना बसलेले दिसायचे. आमच्या आईला बरेच दिवस वाटायचं की नाना कुठल्यातरी थंड डोंगरावरनं बोलतात.

चार वाजता त्यांचा कार्यक्रम असायचा, 'कुणाकडं काय'. त्या वेळी गावोगाव एकतरी शूटिंगवाला झाला होता. लग्नं तर तो काढायचाच, पण जत्रा, कुस्त्या, भजनं, बैलांचं प्रदर्शन, कुणाच्या म्हाताऱ्याची पंच्याहत्तरी, असलंही काढून ठेवायचा. त्या कॅसेटा कपाटात पडून असायच्या. नाना स्वतः त्यातली एक कॅसेट लावायचे नाहीत. ते फक्त सांगायचे, की अमक्या गावात अमक्याकडं हे बघायला मिळेल. एका काळ्या पाटीवर खडूनं लिहायचे, पाटी कॅमेऱ्यापुढं धरायचे आणि मिलिटरीतल्या सवयीनं एकेक शब्द सुटा करून बोलायचे:

"कॅसेट ह्यांची. बघायची तर ह्यांच्याकडं जावा. ह्यांना इचारून सांगतोय. ह्यांचा आमचा धंद्याचा संबंध न्हाई. आमचं बोलणं ह्यांच्या माथी मारू नका."

ही पाच वाक्यं रोज, प्रत्येक पत्त्याला. कंटाळून जायचं माणूस. पण गाणं डोक्यात बसतं तशी ती गावाच्या डोक्यात बसली. शेजारीण लोणचं देऊन गेली की आई ते ताटात वाढताना म्हणायची, "लोणचं त्यांचं. त्यांचा आमचा संबंध न्हाई." आणि लोणचं खारट निघालं की हे वाक्य फार कामाला यायचं.

आता मी कोण, ते थोडक्यात सांगतो. मी आनंदा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला माझं एवढं प्रेम, की तीनदा तिथंच बसलो. अंगात एकच कला, आवाज काढायचे. एसटीचा कंडक्टर, गुरांचा डॉक्टर, साखर कारखान्याचा भोंगा आणि भोंग्यावर कुत्र्याचं रडणं, हे सगळं माझ्या एका गळ्यात होतं. टीव्हीवर झळकायचं म्हणून एक दिवस गिरणीची माडी चढलो आणि नानांपुढं कंडक्टर करून दाखवला. घंटीची दोरी, चिल्लर, "पुढं सरका, पुढं काय वाघ हाय का," सगळं.

नाना हसले नाहीत. स्वेटरच्या खिशात हात घालून विचारलं, "भारी हाय. त्याला इचारलंस का?"

"कुणाला?"

"कंडक्टरला."

"नाना, आवाजाला काय विचारायचं? आवाज काय कुणाच्या बापाचा असतो?"

"त्याच्या बापाचा नसंल. त्याचा तर हाय."

आणि खिशातनं एक सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. अख्खी, न फोडलेली. म्हणाले, "ही त्याला दे. घेतली तर ये. न्हाई घेतली तर सुपारी परत आण."

ही सुपारी म्हणजे नानांची पद्धत. तमाशाचा फड ठरवताना जशी सुपारी देतात, तशी ते पत्ता सांगायच्या आधी द्यायचे. माणसानं सुपारी ठेवून घेतली म्हणजे होकार. परत केली म्हणजे नकार, आणि मग एक शब्द न बोलता चहा पिऊन उठायचं. मी स्टँडवर जाऊन कंडक्टरला सुपारी दिली. त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग वाटलं लग्न ठरलंय. शेवटी समजलं तेव्हा त्यानं मला गाडीत बसवलं आणि म्हणाला, "तू घंटी दोनदा वाजवतोस. मी दीडदा वाजवतो. नीट बघ." पेठनाक्यापर्यंत फुकट नेऊन मला त्यानं ती अर्धी घंटी शिकवली.

नानांनी मला ठेवून घेतलं. मला ते पोपटराव म्हणायचे.

एकदा मी विचारलं, की हे सुपारीचं खूळ तुमच्या डोक्यात कुठनं आलं. ते तारेचं टोक दातानं सोलत होते. तार तोंडातनं काढून म्हणाले, "माझा आजा हलगी वाजवायचा. लय नामी. गावात वरात आसली की फडाला सुपारी जायाची, बॅंडवाल्याला सुपारी जायाची. आज्याला हाळी यायची. ये म्हणलं की जायाचं, बस म्हणलं की बसायचं, पायऱ्यांच्या खाली. बापानं दीक्षा घेतली आणि हलगी खुंटीला लावली. पाटलाचा माणूस बोलवाय आला तर बाप म्हणाला, 'बोलवू नका, इचारा.' तेवढाच शबूद. गावानं दोन वर्सं आमच्याशी बोलणं टाकलं." मग तार परत दातात धरून, दातातनंच म्हणाले, "इचारायला काय लागतंय रं, एक सुपारी."

त्याच्यावर मी काही चेष्टा केली नाही. नाहीतर मी कशावरही करतो.

नकार आला की नाना तो फार मानानं पाळायचे. कुंडलला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी आपल्या गुलाबांची कॅसेट काढून घेतली होती, दोन तास नुसते गुलाब. गुरुजींनी सुपारी परत केली. म्हणाले, "लोक येतील आणि कलमं मोडून नेतील." झालं. नानांनी नाव टाकलं. पण खोटं बोलायची सवय नाही, म्हणून रोज कार्यक्रमाच्या शेवटी सांगायचे, "आणि एक हाय. पर सांगायला मोकळीक न्हाई."

गाव नुसतं पेटलं. त्या एका न सांगितलेल्या कॅसेटवर पानपट्टीपुढं पैजा लागल्या. कुणी म्हणायचं त्यात साप आहे, कुणी म्हणायचं आमदार. महिन्याभरानं गुरुजीच धोतराचा सोगा धरून गिरणीची माडी चढून आले. घामाघूम झालेले.

"वाघमारे, माझं नाव कधी घेणार?"

"गुरुजी, तुमी न्हाई म्हणाला व्हता."

"म्हणालो होतो. मग परत विचारायला नको का? माणूस आहे, त्याचं मन बदलतं."

नाना चटकन उठले, पाट घातला, गुरुजींना बसवलं आणि खिशातनं सुपारी काढली. गुरुजींनी ती अशी पटकन घेतली, जसा काय लहानपणी कुणी न दिलेला खाऊ. तेव्हापासनं नाना नकार आलेल्या घरी दर तीन महिन्यांनी एक चक्कर मारायचे. आणि होकार आलेल्या घरीही. "व्हय म्हणणारा बी बदलतोय की," म्हणायचे.

दुसरी एक गोष्ट अशीच घडली आणि त्यातनं नानांना एक नवीन खोड लागली. एका मावशीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती. कॅसेट मावशींच्या घरातलीच, म्हणून मावशींना विचारलं, ती काढणाऱ्या भाच्याला विचारलं, सगळं रीतसर झालं. पण त्या दिवशी त्यांचा पत्ता सांगून झाला आणि लगेच पुढं उंदराच्या औषधाची जाहिरात लागली. दुसऱ्या दिवशी बाजारात मावशींना लोक विचारायला लागले, की औषध कितीला आहे. मावशी पिशवी घेऊन माडीवर आल्या. म्हणाल्या, "यशवंता, मी तुला माझं नाव घ्यायला सांगितलं. मला उंदराशेजारी बसवायला कुणी सांगितलं?"

नाना चार दिवस हळहळत होते. मग त्यांनी काय केलं, तर कॅमेरा खिडकीकडं फिरवला. खिडकीबाहेर एक कडुलिंब होता. एका माणसाचा पत्ता झाला की एक मिनिट तो लिंब दाखवायचा, आणि मग दुसऱ्याचा पत्ता. मधी आवाज नाही, पाटी नाही, काही नाही. "कुणाचं कुणाला लागायला नगं," म्हणायचे. पिठाचे कण, थरथरणारी खिडकी आणि पलीकडं हलणारा लिंब. पहिल्यांदा लोकांनी फोन करून शिव्या दिल्या, की केबल गेली. मग हळूहळू सवय झाली. दुपारी गल्लीतनं चालत गेलं की घराघरातनं एकदम आवाज बंद व्हायचा आणि सगळ्या घरात तो एकच लिंब हलत असायचा. म्हातारी माणसं त्याच्याकडं बघत डुलकी काढायची. बायका त्या मिनिटात चहाचं आधण बघून यायच्या. मला अजून कधी दुपारी झोप लागली, तर स्वप्नात काही येत नाही, तेवढा लिंब येतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. यात माझी लाज आहे, म्हणून जरा लांबवलं.

कोरेगावला हणमंत माने म्हणून शूटिंगवाला होता. हात फार चांगला. त्याच्याकडं बायकांच्या नाटकाची एक कॅसेट होती. जत्रेत गावातल्या पोरींनी आणि सुनांनी केलेलं नाटक, सगळी पुरुषपात्रं बायकांनीच केलेली. त्यात त्याची बहीण फौजदार झाली होती, मिशा लावून. तिला लता म्हणू. हे तिचं खरं नाव नव्हे, गोष्टीत घालायला तिनंच सांगितलेलं नाव आहे. लोक म्हणायचे, असा फौजदार सातारा जिल्ह्यात खरासुद्धा झाला नाही. नाना सुपारी घेऊन कोरेगावला गेले. हणमंतनं परत केली. नाटक झालं आणि महिन्याच्या आत लताचं लग्न झालं होतं, आमच्याच बाजूला, इस्लामपूरपासनं तीन कोसावर. नवरा मिलिटरीत, घरात सासरे. सासऱ्यांच्या मिशा पंचक्रोशीत नावाजलेल्या. "नाना, घर नवीन हाय तिचं," हणमंत म्हणाला. नानांनी चहा पिला आणि उठले.

तो विषय तिथंच मिटला असता. पण त्या पावसाळ्याच्या शेवटाला नानांना हिवताप आला. दोन दिवस ते गोधडी पांघरून घरी पडून. कार्यक्रम माझ्याकडं. तोंड दाखवायची मला बंदी नव्हती, पण मला काय सुचलं बघा. मी कॅमेरा लिंबाकडं लावला आणि मागनं नानांच्या आवाजात बोललो. तेच सुटे शब्द, तोच घशातला खरखरीतपणा, वाक्य संपल्यावरचं तेच थांबणं. कुणालाही कळलं नाही. गिरणीवाला खालनं ओरडला, "नाना, ताप उतरला का?" मला तर पंख फुटले. त्याच नशेत, दुसऱ्या दिवशी पत्ते कमी पडले तेव्हा मी बोलून गेलो:

"कोरेगावच्या हणमंत मान्यांकडं बायकांच्या नाटकाची कॅसेट हाय. फौजदार बघण्यासारखा. ह्यांना इचारून सांगतोय."

ह्यांना इचारून सांगतोय. हे मी म्हणालो, आणि नानांच्या आवाजात म्हणालो. त्या आवाजाला गावात जी किंमत होती, ती त्या तीन शब्दांची होती.

आठ दिवसांनी हणमंत माने माडीवर आला. नाना ताप उतरून नुकतेच बसायला लागले होते, गळ्याला मफलर. हणमंत दारातच उभा राहिला.

"नाना, तुमी माझ्याकडनं सुपारी परत नेली व्हती."

"नेली व्हती."

"मग माझ्या दारात जीप भरून माणसं कशी आली? तुमच्याच बाजूची. मी घरात नव्हतो, आईनं लावून दिली कॅसेट, तिला काय म्हाईत. त्यातली दोघं लताच्या सासरची निघाली. सासऱ्याला चावडीवर कळलं. 'चार गावांनी बघितलं आणि मला ठाऊक न्हाई,' म्हणून त्यांनी लताला म्हायेरी आणून सोडली. चार दिस झालं, पोरगी बसून हाय."

खाली गिरणी बंद होती. खोली त्या दिवशी कधी नव्हे ती स्थिर होती. नानांनी हणमंतकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. माझे कान तापलेले त्यांना दिसलेच असतील. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "आवाज माझा व्हता न्हवं?"

"ऐकणारी तुमचाच म्हणत्यात."

"मग चूक माझी. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. कऱ्हाडला गाडी बदलली. नाना खिडकीत बसले होते, मफलर कानावरनं घेतलेला. बाहेर ढग इतके खाली आले होते, की आल्याच्या शेतात कामाला वाकलेल्या बायका ढगातच काहीतरी शोधतायत असं वाटत होतं. काचेवर माझं तोंड दिसायचं आणि त्याच्यातनं शेतं सरकायची. मी वाट बघत होतो, की आता शिव्या देतील, आता देतील. साताऱ्याच्या अलीकडं नानांनी मान वळवली.

"पोपटराव, त्या दोन दिसांत आनखी काय काय बोललो मी?"

मी आठवून आठवून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं, "गुलाबाला चांगला म्हणालो? बरं केलं." मग म्हणाले, "इथनं पुढं माझा आवाज काढायचा न्हाई." एवढंच. परत खिडकीकडं तोंड केलं.

मान्यांच्या घरी पुढच्या सोप्यात लता शेंगा फोडत बसली होती. बावीस-तेवीसची असेल. आई चुलीपाशी, हणमंत खांबाला टेकून. नाना बसले नाहीत. उभ्यानंच हात जोडले. म्हणाले, "बाई, तुमच्या भावानं न्हाई म्हणलं व्हतं, तरी माझ्या हितनं पत्ता गेला. मी तुमच्या सासऱ्यांकडं जातो, त्यांच्या पाया पडतो, सांगतो की पोरीचा दोष न्हाई."

लतानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि शांतपणे म्हणाली, "दादानं न्हाई म्हणलं, ते माझ्या वतीनं. तुमी व्हय म्हणलं, ते बी माझ्या वतीनं. आता पाया पडायला जाणार, ते बी माझ्याच वतीनं. मला कुणी इचारलं?"

हणमंतनं खांबाचं टेकणं सोडलं.

"दादानं कॅमेरा लावला तवा इचारलं न्हाई. तुमी सुपारी घिऊन आला, ती त्याच्या हातावर ठिवली. मी तवा सणाला म्हायेरी आले व्हते, आतच व्हते, च्या मीच केला व्हता तुमचा."

मी नानांना मारामारीत मध्ये पडताना बघितलंय, खांबावरनं घसरताना बघितलंय. त्यांचं तोंड असं कधी बघितलं नव्हतं. माणूस वाटेवरनं चालत असतो आणि एकदम त्याच्या ध्यानात येतं, की आपण सकाळपासनं उलट्या दिशेनं चाललोय, तसं. ते खाली बसले. जमिनीवरच, सुपाच्या पलीकडं. म्हणाले, "चुकलं. पाक चुकलं. कॅसेट ज्याची त्याला इचारत गेलो. कॅसेटीत जे हाय त्याला इचारलंच न्हाई." मग म्हणाले, "मग आता इचारतो. तुमी काय म्हणता?"

लतानं मूठभर शेंगा उचलल्या. "मी ती कॅसेट बघितलीच न्हाई आजून. नाटक झालं आणि हळद लागली. सगळ्यांनी बघितलं माझं सोंग, मी सोडून. मला बघायची हाय."

हणमंतनं टीव्ही आतनं सोप्यात आणला. दार ओढून घेतलं. फटीतनं उजेडाची एक पट्टी येऊन सुपावर पडली होती. आणि मग त्या पडद्यावर फौजदार आला. काय सांगू. मी आवाज काढतो, ती माणूस काढत होती. खाकी कपडे, बगलेत दांडकं, बोलायच्या आधी मिशीवरनं फिरवलेलं एक बोट. तिनं नुसतं "व्हय का" म्हटलं, तर मंडपातली सगळी माणसं हसायची थांबून सावरून बसली. इकडं सोप्यात लता शेंगा तशाच मुठीत धरून बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. एका ठिकाणी ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. आई म्हणाली, "अगं, तूच हायस ती." लता म्हणाली, "व्हय की. ठावंच नव्हतं मला."

कॅसेट संपली तसं तिनं उठून ती काढून घेतली आणि पिशवीत घातली. "ही माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. मामंजींना मीच दावते. पटलं तर पटलं."

नाना म्हणाले, "मी येऊ संगट?"

"नगं. तुमी आला की परत तुमीच बोलणार. दादा सोडंल मला गाडीपत्तर."

नानांनी मान हलवली आणि एक शब्द न बोलता चहा पिला. तो चहा लतानंच केला होता.

पंधरा दिवस आम्हाला काही कळलं नाही. त्या पंधरा दिवसांत नानांनी दाढी केली नाही आणि गिरणीवाल्याशी उगाच दोनदा भांडले. मग हणमंतचं कार्ड आलं. लतानं सासऱ्यांना एकट्याला बसवून कॅसेट लावली. म्हातारा मिशीवर हात ठेवून बघत बसला. संपल्यावर म्हणाला, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा बघितली आणि म्हणाला, "मिशीचा डावा आकडा खाली गेलाय. मला इचारलं आसतंस तर नीट लावून दिली आसती." लता तिथं राहिली. खाली तिचा निरोप होता, नानांसाठी: कॅसेट दाखवायची नाही, पत्ता सांगायचा नाही, पण चहाला यायचं.

नानांनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि घडी करून स्वेटरच्या खिशात ठेवलं. त्या दिवशी चार वाजता कॅमेऱ्यापुढं पाटी कोरी धरून म्हणाले, "मागं एक पत्ता न इचारता सांगितला गेला. कुणाचा, ते सांगत न्हाई. चूक माझी." आणि मग पाच मिनिटं लिंब.

गोष्ट इथंच संपली असती, पण नाना ते नानाच. तिथनं पुढं त्यांनी कॅसेटीत जे जे दिसतंय त्या सगळ्यांना विचारायचं ठरवलं. कुस्तीच्या कॅसेटीत दोन पैलवान, एक पंच, चार हलगीवाले आणि हजारभर बघे. नाना सायकल घेऊन निघाले. पैलवान भेटले, पंच भेटला, तिसरा हलगीवाला मुंबईला गेलेला. पत्ता पडला मागं. लग्नाच्या कॅसेटी तर एकदमच गेल्या, कारण वऱ्हाडात कोण कुणाचं, ते वधुपित्यालाही माहीत नसतं. कार्यक्रमात दहा पत्ते असायचे, त्याचे पाच झाले, मग दोन. गुरुजींचे गुलाब तेवढे शेवटपर्यंत टिकले. पत्ते कमी झाले तसा लिंब वाढत गेला. शेवटी शेवटी तर चार वाजता नाना यायचे, म्हणायचे, "आज सांगण्यासारखं न्हाई," आणि उठून खिडकी मोकळी करायचे.

मी एकदा चावटपणा केलाच. "नाना, लिंबाला विचारलंत का?"

"दोपारी त्याच्याखाली बसून आलोय," ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नाही.

आणि लोक बघायचे. मी शपथेवर सांगतो, गाव लिंब बघायचं. पानगळीत पिवळा झालेला बघायचं, मोहोर आलेला बघायचं. एका दुपारी फांदीवर पोपटांचा थवा बसला तर सगळी गल्ली गिरणीकडं बघायला पळाली, की खरंच बसलाय का.

मग मोठी केबल कंपनी आली, तिच्या तारा जाड होत्या. नानांनी आपल्या तारा झाडांवरनं स्वतः उतरवल्या, प्रत्येक घरी सांगून, आणि सांगलीला लेकीकडं राहायला गेले.

मागल्या हिवाळ्यात सांगलीत माझा कार्यक्रम होता. आता मी आवाजांचे कार्यक्रम करतो, गणपतीत आणि लग्नसराईत, बरं चालतं. मनात आलं, की या वेळी नाना करावेत. लोकांना कंडक्टर करून दाखवतो, डॉक्टर करून दाखवतो, पण माझ्या गळ्यातला सगळ्यात चांगला आवाज आजपर्यंत कुणाला ऐकवला नाही. म्हणून विचारायला गेलो. लेकीचं घर हळदीच्या गोदामांच्या मागं. त्या गल्लीत हवाच पिवळी. भिंती, कुत्री, वाळत घातलेली धोतरं, सगळ्यावर पिवळी पूड. नाना दारातल्या बाजेवर हरभऱ्याचे सोलाणे सोलत बसले होते, तेही पिवळेच दिसत होते. सुकले होते बरेच. बोलताना शब्द मधेच थकायचे. मी सगळं सांगितलं.

"आदी करून दाव," म्हणाले आणि डोळे मिटले.

मी केला. इतक्या वर्षांनी केला, पण आला. त्यांच्या ताकदीच्या दिवसांतला आवाज, सुटा सुटा. मी दोनतीन वाक्यं बोललो असेन, शेवटचं 'जरा पाणी आण गं' असं, तेवढ्यात आतनं लेक म्हणाली, "व्हय आबा, आणते पाणी." आणि तांब्या घेऊन बाहेर आली. आमच्या दोघांकडं बघून गोंधळली, तांब्या ठेवून आत गेली.

नाना डोळे उघडून तांब्याकडं बघत राहिले.

"बघ," म्हणाले. "घटकाभर झाला न्हाई येऊन आणि माझ्या लेकीकडनं तू पाणी मागून घेतलंस."

"मग नको म्हणता?"

"नगं, गड्या. थोडाच उरलाय, माझा मला पुरू दे."

मी पाणी पिलो, सोलाणे खाल्ले, पाया पडून निघालो. गल्लीच्या वळणावर चप्पल सारखी करायला थांबलो, तर मागनं माझाच आवाज आला. नाक चोंदल्यासारखा, घाईघाईत, शेवटचा शब्द गिळलेला. "नाना, आवाजाला काय विचारायचं? आवाज काय कुणाच्या बापाचा असतो?" लेक आत खदखदून हसत होती. ते थांबले, खोकले आणि तिच्यासाठी परत पहिल्यापासनं केलं.

चांगला नव्हता. घाई जमली होती, पण मी एवढा किरटा बोलत नाही. आणि मला न विचारता केला होता. मी चप्पल हातात घेऊन त्या पिवळ्या हवेत उभा राहिलो, त्यांचं होईपर्यंत.